फूटीला खिचडी म्हणू नका

मेलबर्नला नवीन आलेली आपली मंडळी फूटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, पहिली मॅच बघून हमखास म्हणतात, "ही तर रग्बी आणि फुटबॉलची खिचडी!" मला हे मुळीच पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेत शिकून परतलेला क्रिकेटपटू टॉम विल्स. जुलै १८५८ मध्ये त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुस्तावू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा. ऑगस्टमध्ये स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळा भिडल्या, एका बाजूला ४० जण! आपल्या रहाणेने २०२० मध्ये शतक ठोकलं त्या एमसीजीच्या शेजारच्या मोकळ्या मैदानात, झाडाझुडपांतून. तीन शनिवार खेळूनही १-१ अशी बरोबरीच.

खरी गंमत पुढे आहे. १७ मे १८५९ ला विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ नियम लिहायला बसले. रग्बी, ईटन, हॅरो, विंचेस्टर या इंग्लिश शाळांचे नियम त्यांना माहीत होते. विल्सचा ओढा साहजिकच रग्बीकडे. पण नडगीवर लाथा घालणं त्यांनी बंद केलं. शाळकरी पोरांचं ठीक आहे हो, पण लंगडत कामावर कोण जाणार? चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून हातात उचलायचा नाही. किक केलेला चेंडू थेट झेलला तर फ्री किक. हाच आजचा 'मार्क', ज्यासाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेप घेतात. ऑफसाइडचा, म्हणजे चेंडूच्या पुढे थांबायला मनाई करणारा, नियम तर घातलाच नाही, आणि माझ्या मते फूटीचा सगळा मोकळेपणा तिथूनच आलाय. कुठेही उभे राहा, कुणीही पुढे धावा.

असे जेमतेम दहा नियम. लंडनची फुटबॉल असोसिएशन निघाली १८६३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी! मग खिचडी कसली? आजचं सॉकर तेव्हा घडायचंच होतं.

विल्सचं बालपण जाब वुर्रुंग या इथल्या मूळनिवासी लोकांमध्ये गेलं, त्यांची भाषा तो बोलायचा. त्यांच्या चेंडूच्या खेळाचा फूटीवर परिणाम झाला का, यावर अभ्यासकांत जोरात वाद आहे. लेखी पुरावा सापडलेला नाही, पण म्हणून विषयच मिटवून टाकणं मला मान्य नाही.

आणि नियम तेवढ्यावर थांबले नाहीत. चेंडू घेऊन सुसाट पळणारे वाढले, तेव्हा १८६६ मध्ये विल्सच्याच नात्यातल्या हॅरिसनच्या पुढाकाराने ठरलं की दर पाच-सहा यार्डांवर चेंडू जमिनीवर आपटायचा. हॅरिसन स्वतः नावाजलेला धावपटू! आज ते अंतर १५ मीटर आहे, आणि लंबगोल चेंडू पळता पळता आपटून परत हातात घेणं किती अवघड, ते एकदा करूनच बघा.