तीन मुलं झोपवायची कुठे, काका?

लालबागच्या आमच्या चाळीचा ग्रुप अजून चालू आहे, चाळ नसली तरी. परवा तिथे एका काकांनी लिहिलं, ‘मुंबईतला मराठी टक्का घसरला, कारण आपल्या मुलींना एकच मूल हवं असतं. घरटी तीन हवीत.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. मी टोकियोत राहते; ट्रेनमधून निशी-कासाई स्टेशनला उतरेपर्यंत तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं.

काका, माझ्या आजीची सात बाळंतपणं झाली, त्यातली चार मुलं जगली. आईला आम्ही दोघं. दुसऱ्या खेपेला तिने ऑपरेशन करून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं. मला एक मुलगी. पोरं जगायला लागली, मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, की बाळंतपणं कमी होतात. सगळ्या जगात हे असंच घडलं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, आणि लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. यात मुलींचं बिघडलं काय? १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं मूल झालं तर स्थानिक निवडणूक लढवता येणार नाही, हा नियम आपल्याच राज्याने केला ना?

पण टक्क्याचं दुखणं बाळंतिणीच्या खोलीत नाहीच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या बायकांनी काही अचानक पाळणे बंद केले नव्हते. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग चाळी गेल्या, आणि माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. आमची खोली दहा बाय बाराची होती. तिच्यात आम्ही सात माणसं झोपायचो, आजोबा तर गॅलरीत. तीन मुलं झोपवायची कुठे, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचीही वस्ती घटली. चाकरमान्यांची गावं रिकामी, आणि ते ज्या गिरणगावात आले तेही रिकामं.

इथे टोकियोत अठरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे महिन्याला ५,००० येन मिळतात. होइकुएन म्हणजे पाळणाघर आहे, मामाचारीवर, म्हणजे मुलांसाठी सीट लावलेल्या सायकलवर, लेकीला बसवलं की सात मिनिटांत पोचते. तरीही २०२३मध्ये टोकियोत बाईमागे ०.९९ मूल. पैसे देणाऱ्या सरकारला जे साधलं नाही ते काकांच्या मेसेजने साधणार आहे का? निदान इथे दुसरं कधी, असं मला लिफ्टमध्ये कुणी विचारत नाही. मुंबईत लग्नाच्या प्रत्येक पंगतीत विचारतात.

हे सगळं लिहिलं आणि पाठवलं नाही. कारण काका उलट विचारतील, तू का गेलीस? मला कुणी घालवलं नाही. डोंबिवलीची लोकल नको झाली होती, पगार चांगला होता, मी आले. माझी लेक आजीशी फोनवर मराठी बोलते, पण खेळताना आकडे जपानीत मोजते, भांडतेही जपानीत. मला तीन झाली असती तर तिघं जपानीत भांडली असती. काकांच्या टक्क्यात त्यांनी काय भर घातली असती? टक्का घसरला त्यात माझाही वाटा आहे, आणि तो एकच मूल झाल्यामुळे नाही. एवढं मला त्यांच्यापाशी कबूल करायला हवं होतं.

१ ऑक्टोबर २०२५ला इथे जनगणना झाली. पत्रपेटीत आलेला फॉर्म मी रात्री भरला, घरात माणसं किती, तर तीन. आपल्याकडची मोजणी २०२७मध्ये. डोंबिवलीला आईच्या दारात कुणी मोबाइल घेऊन येईल. बाबा गेले, दादा पुण्याला. ती एक सांगेल, आणि त्या माणसाला चहा विचारेल.