व्याख्यान रंगते ते कशामुळे?

कोकणात गावोगावची वाचनालये व्याख्यानमाला भरवतात, त्यासाठी कार्यकर्ते वर्गणी जमवतात, लांबून वक्ते बोलावतात, आणि तरीही अनेकदा अर्ध्या तासातच मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. याचे खापर श्रोत्यांवर फोडणे मला मान्य नाही. जी माणसे दशावतारी नाटकाला पहाटेपर्यंत बसतात, त्यांना ऐकण्याचा कंटाळा आहे असे कसे म्हणावे? दशावतारात कथानक ठरलेले असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात आणि प्रेक्षक कुठे खुलतो हे पाहून प्रसंग लांबवतात किंवा आवरतात. कागदात डोके घालून वाचणारा वक्ता नेमके हेच गमावून बसतो.

माझ्या मते आवाज, पाठांतर, शब्दांची आतषबाजी या सगळ्यांच्या आधी येते ती श्रोत्याला उत्तराची ओढ लावण्याची हातोटी. मागे तालुक्याच्या गावी हापूसवरचे एक व्याख्यान ऐकले. वक्त्यांनी प्रास्ताविक न करता दोन आंबे पहिल्या रांगेत फिरवायला दिले आणि यातला खराब कोणता, एवढेच विचारले. बागायतदारांनी देठ निरखला, वास घेतला, आपसांत वाद घातला. कापल्यावर एका आंब्याचा कोयीजवळचा गर पांढरट आणि भुसभुशीत निघाला. गराचा हा दोष म्हणजे साका, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही हे तिथे बहुतेकांना ठाऊक होते, तरीही सुरी फिरेपर्यंत कुणी जागचे हलले नाही. मग तापलेल्या जमिनीची उष्णता फळाला कशी बाधते आणि झाडाखाली गवताचे आच्छादन का करावे, हे त्यांनी समजावले, तेव्हा लोक टिपणे घेत होते. हीच माहिती सुरुवातीला सांगितली असती, तर ती कुणी इतक्या कान देऊन ऐकली नसती.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामगजर आणि उत्तररंगात आख्यान असते. विचार कितीही गहन असला तरी त्याला कथेची जोड हवी आणि ऐकणाऱ्याला मध्ये विसावा हवा, हे कीर्तनकारांनी पूर्वीच ओळखले होते. आजचे कित्येक विद्वान मात्र दीड दीड तास एकाच पट्टीत बोलतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोष आयोजकांकडेही जातो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलचक परिचय यांत पाऊण तास गेल्यावर वक्ता उभा राहतो, तेव्हा श्रोता आधीच थकलेला असतो. परिचय पाच मिनिटांत आटोपावा, सत्कार शेवटी ठेवावेत आणि प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवावा, अशी यंदाच्या आयोजकांना माझी आग्रहाची विनंती आहे.