सन्स काढून टाका

भर दुपारी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानातून फोन. बिलं गोडाऊनला जाईनात. गल्ल्यावरचं बिलिंग सॉफ्टवेअर बिल एक्सएमएलमध्ये, म्हणजे ठरलेल्या खुणांत बसवलेल्या मजकुरात, पाठवतं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा प्रोग्रॅम ते वाचतो. मला वाटलं, नेहमीचंच. नेटवर्कवरून निरोप पोचवणाऱ्या टीसीपीला तो निरोप कुठं संपला ते कळत नाही, नुसता बाइटांचा ओघ. अर्धंच बिल वाचलं गेलं असेल. पण बिल अख्खं होतं. नव्या गिऱ्हाइकाच्या नावात मात्र '& सन्स' होतं. एक्सएमएलमध्ये सुटा & चालत नाही, त्याच्यापुढे एएमपी आणि अर्धविराम लागतो. बिलिंगवाल्यांनी तो लावलाच नव्हता.

दुकान गाठलं. गादीवर मालकांचे सासरे चहा फुंकत बसले होते.

"काय झालं ओ?"

"नावात एक खूण आहे काका, ती चालत नाही."

"आजोबापास्नं तेच नाव हाय की त्यांचं. बँकेत चालतंय, पत्रिकेत चालतंय. तुमालाच काय झालं?"

"मला नाही, प्रोग्रॅमला."

"प्रोग्रॅम कुणी केलाय?"

"मी."

"मग तुमालाच की!"

दोन गिऱ्हाइकं हसली. काका रंगात आले.

"सन्स काढून टाका. पोरं तशीबी पुण्यालाच हायत."

"मामा, गिऱ्हाईक तुटंल," मालक कळवळले.

"मग तेवढं एक अक्षर सोडून फुडचं वाचावं की. शहाणा माणूस काय करतो?"

शहाणा माणूस तेच करतो. ब्राउझर एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात त्याच्या, हजार चुका पोटात घालतात. पण १९९८ साली एक्सएमएलचे नियम करणाऱ्यांनी ठरवलं की रचना मोडली की पार्सरनं, म्हणजे ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं, पुढचं काम थांबवायचं. या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड एकाच वाक्यात येतात आणि सौदा अडत नाही. ती मंडळी इथं दोन दिवस बसायला हवी होती.

बिलिंगवाल्यांना फोन लावला. "सर, आमच्याकडून फाइल जातेय." जातेय, हे मलाही दिसतंय! त्यांच्या बाजूला एका ओळीचं काम. माझ्या बाजूला आता सुटा & हुडकायचा, नीट लिहिलेल्याला हात लागू द्यायचा नाही, नाहीतर त्याला एएमपी दोनदा लागतो. वार्षिक मेन्टेनन्स मात्र तेच घेतात. मला मालकांनी निघताना एक झकास चादर दाखवली. दाखवली, आणि परत घडी घालून ठेवली.