हॉस्टेलची रंगीत तालीम

आमच्या गल्लीत कुणाच्याही पोराला बाहेरगावी ॲडमिशन मिळाली, की पेढ्यांच्या पुड्यापाठोपाठ एक वही माझ्याकडं येते. "काय काय न्यायचं तेवढं लिहून द्या की." ही पत मी कराडला हॉस्टेलवर काढलेल्या चार वर्षांत कमावली. 1989 साली पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीतून उतरलो होतो. त्या भांडवलावर मी आजवर सांगलीतल्या निदान पंधरा-वीस आईबापांना उपदेश केलाय. बादली झाकणाची घ्या, तिच्यात खाऊही लपतो. कुलपाला तीन किल्ल्या हव्यात, त्यातली एक शेजारच्या खोलीत द्या. आणि निघायच्या आधी महिनाभर पोराला स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लावा. नाहीतर दिवाळीला तो दोन पोती मळकं घेऊन येतो आणि आईच्या आधी वॉशिंग मशीनला भेटतो.

गेल्या वर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत आमच्या थोरलीला पुण्याचं कॉलेज लागलं. मी वही उघडून, चष्मा लावून बसलो. विचारायला कुणी आलंच नाही. हिची यादी आधीच तयार होती. चौऱ्याहत्तर वस्तू. त्यात लिंबू पिळायचं यंत्रही होतं. माझ्या आईची यादी तोंडी आणि फक्त खाण्याची: भडंग, मेतकूट, लसणीची चटणी, आणि भर पावसाळ्यात डिंकाचे लाडू. कराडला माझ्या खोलीतल्या एकाचा डबा रोज गावाकडनं सकाळच्या एसटीनं यायचा. एसटी चुकली की आम्ही आठ जण उपाशी. हे मी आईला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. त्यामुळं तिनं हिशेब आठ पोरींचा धरला होता.

मी माळ्यावरची ट्रंक काढली. "2019 च्या पुरात चार दिवस पाण्यात होती. झाकणावरचं नाव तरी पुसलंय का बघ!"

"बाबा, नाव तुमचं आहे," लेक म्हणाली आणि चाकांची बॅग बघायला निघून गेली.

कागदपत्रांचं सांगत बसत नाही, फोटोवाल्याची मात्र त्या आठवड्यात चंगळ झाली. एक गंमत तेवढी सांगतो. 2009 पासून यूजीसीच्या नियमानं रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र विद्यार्थ्यानं तर द्यायचंच, पालकानंही द्यायचं. मी ते मोठ्यानं वाचत होतो, तर धाकटा जवळ येऊन बसला. "बाबा, ताईनं आठ वर्षं माझ्याकडनं चहाचे कप विसळून घेतले, ते यात बसतं का?" दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी होती: 1800-180-5522, रॅगिंग हेल्पलाइन. ती अजून तिथंच आहे.

मग मला रंगीत तालमीची कल्पना सुचली. शेजाऱ्यांच्या पोरांना नुसती यादी दिली, आपल्या लेकीला सराव द्यावा. आठवडाभर घराचं हॉस्टेल. गरम पाणी सहा ते सात, माणशी एक बादली. कपाट अर्धंच. ताट ज्याचं त्यानं घासायचं. फाटक रात्री नऊला बंद. आणि जेवणात मेसची आमटी, म्हणजे जिच्यात डाळ शोधावी लागते ती. यातलं शेवटचं कलम पहिल्याच दिवशी कोसळलं. "असलं माझ्या हातनं होत नाही," असं म्हणत हिनं पाणी ओतलं खरं, पण वरून फोडणी दिली, खोबरं घातलं, कोथिंबीर पेरली. धाकट्यानं तीनदा मागून घेतली.

लेक मात्र तिसऱ्या दिवशीच तयार झाली. पावणेसहाला उठून ती आंघोळ उरकायची. सात वाजून पाच मिनिटांनी थंड पाण्याच्या बादलीसमोर पंचा लावून मी उभा असायचो. चौथ्या दिवशी मित्राकडं गप्पांत उशीर झाला. नऊ वाजून दहा मिनिटांनी घरी पोचलो तर दार बंद. बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून माझीच उपदेशाची वही बाहेर आली. रकाने आखलेले: नाव, बाहेर जायची वेळ, आत यायची वेळ, उशिराचं कारण, सही.

मी लिहिलं, 'कामात होतो.'

"असलं मोघम चालत नाही. रेक्टर मॅडम घरी फोन करतात," लेक म्हणाली. तोवर आतून माझ्या आईचा आवाज आलाच, "कुठं होतास रे इतका वेळ?"

पोचवायला आम्ही मित्राची गाडी घेऊन गेलो. मुलींचं हॉस्टेल. पुरुष नातेवाइकांना वर्षातून हा एकच दिवस आत प्रवेश, तोही संध्याकाळी पाचपर्यंत. मी जिना चढायला लागलो आणि पुढं चालणाऱ्या मावशींनी आरोळी ठोकली, "जेन्ट्स आलेत!" दोन्ही बाजूंची दारं धडाधड लागली. आयुष्यात माझ्या येण्याची इतकी दखल कुणी घेतली नव्हती. त्याआधी फाटकावर पाणी तापवायचा रॉड जप्त झाला होता. मी तो टॉवेलात गुंडाळून आणला होता. "काका, दर वर्षी तो टॉवेलातच येतो," वॉचमन म्हणाला आणि कोपऱ्यातल्या खोक्यात टाकला. खोकं निम्मं भरलं होतं.

खोलीत तीन खाटा, तीन घरं, बारा माणसं. एक घर नांदेडचं, एक चिपळूणचं. खाट अडीच फुटी आणि आम्ही आणलेली गादी तीन फुटी, त्यामुळं सहा इंच गादी अधांतरी. तिन्ही आयांनी आधी एकमेकींच्या चादरी डोळ्यांनी तपासल्या. मग एकदम युती झाली. तासाभरात कपाटं लागली, नंबरांची देवाणघेवाण झाली, चटण्यांच्या सात बरण्या खिडकीत ओळीनं उभ्या राहिल्या. आम्हा तीन बापांना काम नव्हतं. एकानं पंखा चालू-बंद केला. दुसऱ्यानं खिडकीचे गज हलवून बघितले. मी कडी तपासली, पुन्हा तपासली. आणि जिच्यासाठी हे सगळं, त्या तिघी पोरी केव्हाच मेस बघून आल्या होत्या. रविवारी रात्री मेस बंद असते, वाय-फाय जिन्याजवळच येतो, कोपऱ्यातल्या न्हाणीघराचा नळ गळतो, एवढं त्यांना वीस मिनिटांत कळलं होतं.

पाचला बेल झाली. लेक फाटकापर्यंत आली. पंधरा-वीस पोरांना ऐकवलेला अख्खा उपदेश मला तोंडपाठ होता. त्यातलं एकही वाक्य सापडेना.

"कुलूप ओढून बघत जा," मी म्हणालो.

"हो बाबा. निघा आता, उशीर होईल."

परतीला पाऊस नव्हता. खंबाटकी घाट मोकळा होता, एक ट्रकसुद्धा आडवा आला नाही. ही खिडकीबाहेर बघत होती. पेठ नाक्यावर चहाला थांबलो तर हिनं सवयीनं चार कप सांगितले. मागं धाकटा झोपला होता. आम्ही दोघांनी दोन-दोन प्यालो.

घरी पोचायला साडेदहा वाजले. धाकटा डोळे चोळत आधी आत पळाला आणि मी बूट काढेपर्यंत दारात उभा राहिला. हातात वही. नाव त्यानंच लिहिलं होतं, वेळही. 'उशिराचं कारण' या रकान्यापुढं मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो.

मग लिहिलं, 'खंबाटकीत ट्रॅफिक.' आणि सही केली.