मागून येणाऱ्या भत्त्यावर महागाईचे खापर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत रखवालदारांच्या पगाराचा विषय निघाला की कोणीतरी हमखास उठून सांगते, "किमान वेतन वाढते म्हणूनच महागाई वाढते," आणि दर वर्षी ते ऐकून माझा तितकाच संताप होतो. महाराष्ट्रात किमान वेतनाचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात. त्यातला भत्ता जानेवारीत आणि जुलैत, ग्राहक किंमत निर्देशांकाची, म्हणजे रोजच्या वस्तू-सेवांच्या किमती मोजणाऱ्या आकड्याची, मागील महिन्यांची सरासरी पाहून ठरतो. म्हणजे डाळ, तेल आधी महागते, कामगार ती झळ कित्येक महिने सोसतो, आणि मग कुठे त्याच्या हातात थोडी भरपाई पडते. महागाईच्या मागून येणाऱ्या वाढीलाच महागाईचे कारण कसे म्हणायचे?

मूळ वेतनाची स्थिती याहून वाईट आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने पाच वर्षांच्या आत फेरविचार करण्यास सांगितले होते. अनेक उद्योगांत तो वर्षानुवर्षे रखडला. केंद्राचा किमान तळदर, म्हणजे ज्याच्या खाली राज्यांनी किमान वेतन ठेवू नये अशी अपेक्षा असते तो दर, २०१७ मध्ये १६० वरून १७६ रुपये रोज झाला आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला. तरीही २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला, तो पावसामुळे आणि पिकावरील रोगामुळे, वेतनवाढीमुळे नव्हे.

मजुरीचाच मोठा वाटा असलेल्या सेवा वेतनवाढीने काहीशा महागतात, हे मला मान्य आहे. आमचे रखवालीचे बिलही वाढेल. रात्रभर फाटकाशी जागणाऱ्या माणसासाठी ते आम्ही भरलेच पाहिजे.