मालदीवला ‘गुडघ्यावर आणल्या’च्या मेसेजचं काय खरं, काय खोटं

कोल्हापुरात तालीम-मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून वर येतो. सार असं : ‘जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या मंत्र्यांनी मोदींची टिंगल केली, भारतानं संबंध तोडले, बहिष्कार घातला आणि वर्षाच्या आत मालदीवला गुडघ्यावर आणलं.’ वाचायला झकास. एकेक घेऊ.

‘संबंध तोडले.’ एक दिवसही नाही. टिंगल करणारे उपमंत्री होते. राजधानी मालेतल्या आपल्या उच्चायुक्तालयानं (म्हणजे दूतावासानं) विषय थेट मालदीव सरकारकडे नेला. ७ जानेवारीला त्या सरकारनं ‘ही मतं वैयक्तिक’ असं जाहीर करून तिघांना निलंबित केलं. दुसऱ्या दिवशी मालदीवच्या उच्चायुक्तांना दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात बोलावलं गेलं. असं बोलावणं ही खालची पायरी. त्यावर स्वतःचा राजदूत सल्लामसलतीसाठी माघारी आणणं, समोरच्याचा अधिकारी कारण न देता नाकारणं (राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ९), राजदूत न नेमता दूतावास प्रभारींच्या हाती ठेवणं, आणि सगळ्यात शेवटी संबंध तोडणं. तोडले तरी वाणिज्य दूतावासाचं (व्हिसा, नागरिकांना मदत असं) काम आपोआप बंद होत नाही. तसं १९६३ च्या व्हिएन्ना करारातच आहे.

‘सरकार टीव्हीवर बोललं नाही, म्हणजे घाबरलं,’ असंही काही जण म्हणतात. उलट आहे. कॅमेऱ्यापुढं मुदत दिली की समोरच्या सरकारला मागं सरकायला जागा उरत नाही. घरच्या मतदारांपुढं त्याला अडून बसावंच लागतं. मालदीवमधल्या भारतीय सैनिकांचा प्रश्न बघा. मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू त्यांना घालवण्याचं आश्वासन देऊनच निवडून आले होते. चॅनेलवर आरडाओरडा चालू असतानाच १४ जानेवारीला मालेत आणि २ फेब्रुवारीला दिल्लीत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा गट बसला. तोडगा असा निघाला : १० मेपर्यंत सैनिक परत, त्यांच्या जागी भारताचेच बिगरलष्करी तंत्रज्ञ, दोन हेलिकॉप्टर आणि डॉर्निअर विमान तिथंच. मुइझ्झूंचा शब्द राहिला, आपली हेलिकॉप्टर-विमानांची सेवाही राहिली.

‘बहिष्कार घातला.’ लोकांनी तिकिटं रद्द केली, हे खरं. सरकारनं प्रवासबंदी घातली नाही. आणि साखरेचं बोलायचं तर हे आपल्या जिल्ह्याला लगेच कळेल : देशातून साखर निर्यातीवर निर्बंध असतानाही एप्रिल २०२४ मध्ये मालदीवसाठी ६४,४९४ टन साखरेचा कोटा मंजूर झाला. १२ टक्के उतारा (१०० टन उसातून १२ टन साखर) धरला तर सुमारे ५ लाख ३७ हजार टन उसाची ही साखर, म्हणजे एका मध्यम कारखान्याचं हंगामाचं गाळप. सोबत ३५,७४९ टन कांदा, शिवाय तांदूळ, गव्हाचं पीठ, अंडी. १९८१ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेतला तो तोवरचा सर्वांत मोठा कोटा होता.

‘गुडघ्यावर आणलं.’ भारतीय पर्यटक २०२३ मधल्या सुमारे २.०९ लाखांवरून २०२४ मध्ये १.३ लाखांवर आले. पण त्याच वर्षी मालदीवचे एकूण पर्यटक २० लाखांच्या वर गेले. अडचण परकीय चलनाची आणि कर्जफेडीची होती, आणि तिथं भारतानं हातच दिला. मे आणि सप्टेंबरमध्ये मालदीव सरकारच्या प्रत्येकी ५ कोटी डॉलरच्या रोख्यांना (कर्जाला) वर्षभराची मुदतवाढ, ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत आले तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदलीची (स्वतःचं चलन देऊन डॉलर किंवा रुपये घेण्याची) सोय. २५ जुलै २०२५ ला मोदी मालेला उतरले, तेव्हा घ्यायला मुइझ्झू स्वतः विमानतळावर होते. त्या दौऱ्यात आणखी ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर झालं.