पावसाळ्यातील दमटपणा एसीने जात नाही
एसी असताना डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) म्हणजे निव्वळ दुहेरी खर्च, हे या विषयावरच्या लेखातील मत मे महिन्यापुरते मान्य आहे; मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत मात्र ते टिकत नाही. बाहेरचे तापमान २६-२७ अंशांवर आले की खोली लगेच गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा चालूच राहिल्यास एसीच्या आतल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) हवेतून साचलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. म्हणूनच गार खोलीतही चादर दमट लागते आणि कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते. डीह्युमिडिफायर मात्र बाष्पाचे पाणी होताना सुटणारी आणि स्वतःच्या विजेची उष्णता खोलीतच सोडतो, हे लेखात यायला हवे होते. त्यामुळे एसीवरचा भार वाढतो; तेव्हा खिडक्या बंद करून, खोली रिकामी असताना दिवसाच डीह्युमिडिफायर चालवावा, असे मला वाटते (आवाजही काही कमी नसतो).